दोन टोमॅटोंमधलं अंतर

टोमॅटोच्या दोन रोपांमध्ये किती जागा सोडायची हे तुम्हाला पाठ आहे. पण तुमच्या सोसायटीचा माळी रात्री किती जागेत झोपतो, हे तुम्ही कधी पाहिलंत का?

माझ्यासारख्या बीड सोडून पुण्यात आलेल्यांना विचारतोय. गावी राहिलेल्यांनीही वाचावं, म्हणजे त्यांची मुलं इथे काय झाली ते कळेल.

बारावीनंतर मी निघालो तेव्हा मांजरसुंब्याच्या थांब्यावर माझ्याकडे एक पिशवी, कापलेल्या तेलाच्या डब्यात चार टोमॅटोची रोपं आणि तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठ्यांचा, एक भारा होता. भारा वडिलांनी उसाच्या मोळीसारखा करकचून बांधला होता. कंडक्टर म्हणाला, "पुण्यात छप्पर शाकारायला निघालास का बे?" आई त्याच्यावर खेकसली, "टमाट्याला आधार हाय तो! पुण्यात तुराट्या कुठं गावत्यात?" बस हलली तरी ती खिडकीला धरून सांगत होती, "एक हात आन् वर एक वीत सोड. बांधताना अंगठा जाईल एवढी जागा ठेव. झाड फुगतंय."

लिंबागणेशजवळच्या आमच्या घरामागे ती असंच लावायची. दसऱ्यानंतर मात्र आम्ही कारखान्यावर ऊस तोडायला जायचो आणि पाचटाच्या, एकमेकींना खेटलेल्या झोपड्यांत, कोप्यांत राहायचो. शेजारच्या कोपीतला माणूस कुशीवर वळला तरी आम्हाला कळायचं. मी एकदा कुरकुरलो तर आई म्हणाली, "झाडाला वारा लागतो. मानूस कुठंबी दाटून ऱ्हातंय."

आता मी बारा मजली सोसायटीत दोन मित्रांबरोबर भाड्याने राहतो. ऊसतोड कामगारांवर पत्रकं लिहितो. गच्चीवर 'बागप्रेमी मंडळ' आहे. मातीवर प्रेम आहे असं सांगणारी ही माणसं माती हातमोजे घालून हाताळतात. टोमॅटोसाठी ऑनलाइन मागवलेले तारेचे गोल पिंजरे, कुंड्यांमध्ये टेपने मोजलेले दोन फूट. "हवा खेळली पाहिजे," अध्यक्षीणबाई प्रत्येक सभेत सांगतात. त्याच सभेत आमचा माळी ज्ञानोबा, आष्टीकडचा, पूर्वी ऊस तोडणारा, खाली पंपाशेजारच्या त्याच्या खोलीला खिडकी मागायला उभा राहिला होता. इमारतीचं रूप बिघडेल, असं उत्तर मिळालं. मग चर्चा परत टोमॅटोवर आली.

पिंजरे तकलादू निघाले. झाडं बाहेर लोंबायला लागली. मी शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून मोठ्या तोऱ्यात, एका पहाटे कुणाला न विचारता, काठ्या रोवून सगळी झाडं बांधली. हातांना सवयीची एकच गाठ होती. मोळीची. ओढ बसेल तशी आवळत जाणारी. पंधरा दिवसांत देठ फुगले, सुतळी आत रुतली आणि अर्धी बाग माना टाकून बसली.

"ज्ञानोबानेच आवळून बांधली असणार. किती समजावलं होतं त्याला," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगा."

मी, पत्रकं लिहिणारा, गप्प बसलो. एक दिवस नाही, तीन दिवस. या मंडळाबद्दल मला जेवढा तिरस्कार आहे, त्याहून जास्त त्या तीन दिवसांच्या माझ्याबद्दल आहे.

चौथ्या दिवशी खाली गेलो. ज्ञानोबा सुतळ्या कापून आणत होता. एक माझ्यापुढे धरून म्हणाला, "ही कारखान्यावरची गाठ हाय, भाऊ. कुनाची ते मी पहिल्याच दिवशी वळखलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी आमच्यावर लिवता म्हनं. मला वाटलं, तुमीच सांगताल."

त्याची बायको आणि दोन मुली आत सामान बांधत होत्या. पंप सुरू झाला तशी भिंत थरथरली. मी तिथूनच वर गेलो, मंडळाची सभा बोलवायला लावली आणि सांगितलं की गाठ माझी होती. सगळे हसले. "अरे, तू तर आपला माणूस!" मला चहा मिळाला. त्याच गाठीसाठी ज्ञानोबाला कालपर्यंत हाकलत होते, आणि ती माझी निघाल्यावर तिची गंमत झाली. त्याची खोली राहिली. खिडकी नाहीच.

दुसऱ्या दिवशी मंडळाचीच टेप मागून मी त्या खोलीत अंथरूण मोजलं. चार माणसं, सहा फूट. टोमॅटोला दोन फूट, माणसाला दीड, म्हणजे नुसता एक हात. वरची वीत आम्ही कापली.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कोपीत तरी वारा यायचा रे."

गावच्या आठवणींचे गळे काढणारे मेसेज मला आता पाठवू नका. घर म्हणजे काय, याचं माझं माप साधं आहे: जिथे माणसामाणसांत एक हात, एक वीत सुटते ते घर. ते मला गावी मिळालं नाही, कारखान्यावर नाही, आणि इथे मी ते दुसऱ्याचं हिरावणाऱ्यांच्या पंगतीत बसलोय.

उद्या सकाळी टेप घेऊन खाली जा. माळ्याच्या, वॉचमनच्या खोलीचं दार वाजवा, परवानगी मागा आणि मोजा. आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून लिफ्टमध्ये चिकटवा. खाली स्वतःचं नाव लिहा, गावासकट. आणि त्या भिंतीत खिडकी होईपर्यंत तो कागद कुणाला काढू देऊ नका.