माफीनाम्याची पहिली ओळ

"कॅमेऱ्याचं बिल दाखव."

हे मला म्हणणारा माणूस गेले पाच आठवडे मला मॅडम म्हणत होता. तलावाच्या सांडव्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसणारा सुरक्षारक्षक. पन्नाशीचा. माझे वडील कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटवर घालतात तसलाच निळा, ढगळ गणवेश. माझ्याकडचं विभागाचं पत्र त्याने पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माझ्या बाटलीतलं पाणी तो प्यायला होता. सातवं घरटं तर त्यानेच मला दाखवलं होतं.

"बिल माझ्याकडे नाही," मी म्हणाले. "कॅमेरा विद्यापीठाच्या विभागाचा आहे. पत्र तुम्ही वाचलंय."

"पत्र-बित्र न्हाई. बिल."

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला आपलं काम दिसतंय ना, एवढंच तो बघत होता.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. माझ्या प्रबंधाचा विषय टिटवी आहे. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या, खडकाळ जमिनीवर चार अंडी घालते आणि उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती गार ठेवते. अंडी साधारण अठ्ठावीस दिवसांनी फुटतात. जालना जिल्ह्यातल्या एका तलावाकाठी मला अशी अकरा घरटी सापडली होती. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही. अंडी उचलणारेही वाचतात.

दर दोन दिवसांनी मी परतूरहून निघायची, दोन जीप बदलायची, उन्हं चढायच्या आत पोचायची. प्रत्येक घरट्याचा ठरलेल्या उंचीवरून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, एकच फोटो. एका घरट्यापाशी एक मिनिटाहून जास्त थांबायचं नाही. अंड्यांवरचे ठिपके आणि भोवतालचे खडे यांचं साम्य मोजायचं आणि कोणती अंडी वाचतात ते बघायचं. एवढाच प्रबंध. पण तो नीट झाला तर मला संशोधन संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करता येणार होता. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मला तिथे थांबायचं नव्हतं. आजही नाही.

त्या सकाळी बहुतेक घरटी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवसावर होती. मी पोचले तेव्हा तलावावर लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. नवरी, नवरदेव, तीन फोटोग्राफर, हवेत घोंघावणारा ड्रोन. काठावर एक पाटी आहे : छायाचित्रणास सक्त मनाई. नवरी त्या पाटीच्याच खांबाला टेकून उभी होती. आणि त्यांची मोठी पांढरी गाडी थेट खडकाळ पट्ट्यात उतरवलेली होती. घरट्यांच्या पट्ट्यात. टिटव्या डोक्यावर गिरक्या घेऊन ओरडत होत्या. ड्रोनच्या आवाजात ते कोणाला ऐकू येत नव्हतं.

मी पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाकडे गेले. ते नवरदेवाचे मामा होते.

"दादा, गाडी थोडी मागे घ्यायला सांगता का? तिथे टिटवीची घरटी आहेत. अंडी फुटायला आली आहेत."

ते हसून म्हणाले, "घेऊ की ताई, घेऊ. तुम्ही कॉलेजच्या का?"

"हो."

"कोणतं गाव?"

"परतूर."

"अरे वा, आपलंच. घर कोणीकडं?"

हा प्रश्न आमच्याकडे पत्त्यासाठी विचारत नाहीत. मला ते कळत होतं. तरी मी सरळ उत्तर दिलं.

"भीमनगर."

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. बरं. मग ते वळले आणि रक्षकाला हाक मारली. "ए, कोण हाय रे ही? एवढा मोठा कॅमेरा कुठून आला हिच्याकडं? आमच्या पोरीचे फोटो काढून राह्यली का बघ."

एखाद्या गोष्टीचा परिणाम तपासायचा असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून तेवढीच एक गोष्ट बदलतात. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं. त्या सकाळी कोणीतरी तो प्रयोग माझ्यासाठी मांडून ठेवला होता. जागा तीच. वेळ तीच. पाटी तीच. पहारेकरी तोच. कॅमेरे दोन्हीकडे. बदललेली गोष्ट एक. ताईची 'ही' व्हायला एक शब्द पुरला.

मामांनी फोन लावला. वीस मिनिटांत मोटारसायकलवरून पोलीस ठाण्यातले एक जमादार आले. त्यांनी आधी मामांना नमस्कार केला, नवरदेवाला शुभेच्छा दिल्या, फोटोग्राफरच्या आग्रहाखातर एका फोटोत उभेही राहिले. मग माझ्या गळ्यातला कॅमेरा पट्ट्यासकट काढून घेतला.

"मी नवरीचा एकही फोटो काढलेला नाही," मी म्हणाले. "सगळे बघा."

त्यांनी पहिला फोटो बघितला. "हे काय हाय?"

"टिटवीची अंडी."

"कुठं?"

"बरोबर मधोमध."

त्यांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला. लांब धरला. "हे गोटे हायेत."

"चार अंडी आहेत. खड्यांसारखी दिसतात, म्हणून तर वाचतात."

त्यांनी दुसरा बघितला, तिसरा, दहावा. मामा वाकून बघू लागले. रक्षकही.

"हे बी गोटेच. अन् हे बी. पट्टी ठेवून गोट्याचे फोटो?" जमादार मामांकडे बघून हसले. "कोणाला येडं बनवून राह्यली? खरं सांग, तलावाची रेकी करायला कोणी पाठवलं?"

तिघंही हसले. मी रक्षकाकडे बघितलं. त्याला ती अंडी दिसत होती. त्याला शिकवलं होतं मी, कशी ओळखायची ते. एक वाक्य पुरलं असतं. त्याने तंबाखूची पुडी काढली आणि मळायला लागला.

कॅमेरा जमादारांनी मोटारसायकलच्या डिकीत टाकला. "ठाण्यात ये," म्हणाले आणि निघून गेले. मला कोणी धरून नेलं नाही. मीच फाट्यापर्यंत चालत गेले आणि मिळेल त्या जीपने माझ्या कॅमेऱ्याच्या मागे गेले.

पहिल्या दहा-बारा दिवसांच्या फोटोंच्या प्रती मी काढून ठेवल्या होत्या. नंतरच्या पंधरवड्याच्या काढायच्या राहिल्या होत्या. ही चूक माझी. आणि सगळा अभ्यास त्या पंधरवड्यावर उभा होता. तो कॅमेऱ्यात होता, कॅमेरा डिकीत.

ठाण्यात बाकावर दोन तास बसवलं. माझ्याकडून वडिलांचा नंबर घेतला. मी सांगितलं, मी सज्ञान आहे, वडिलांना बोलवायची गरज नाही. जमादार म्हणाले, "गरज तुला न्हाई, आम्हाला हाय."

अण्णा ड्यूटीवरून तसेच आले. गणवेशात. खांद्यावर शिट्टीची दोरी. दारात आल्याबरोबर त्यांनी टाचा जुळवून जमादारांना सॅल्यूट केला. मग दुसरा सॅल्यूट मामांना, जे एव्हाना येऊन खुर्चीत चहा पीत होते. मामा पोलीस नव्हते. अण्णांना ते कळत होतं. तरी हात वर गेला.

माझ्या आयुष्यात मी बरंच काही ऐकून घेतलं आहे. त्या दुसऱ्या सॅल्यूटइतकं काहीच लागलं नाही. आणि मला रागही आला. अण्णांचा. हे मी लपवत नाही.

मामा समजुतीने बोलले. "आपलं काही म्हणणं न्हाई. लग्नघर हाय, विघ्न नको. पोरीनं दोन ओळी लिहून द्याव्या, कॅमेरा घेऊन जावं. तिच्या शिक्षणाचं नुकसान आपल्याला करायचं न्हाई."

"उपकार झाले साहेब," अण्णा म्हणाले.

जमादारांनी कोरा कागद पुढे केला. वर 'माफीनामा' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. सहावीपासून गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहीत आले : रेशन कार्ड, घरकुल, नळ. हाताला सवय आहे. सांगेल तसं चालतो.

"मी," जमादार सांगू लागले. "मंग तुझं नाव. वय. जात. धंदा. राहणार."

नाव लिहिलं. वय लिहिलं. पुढे 'बौद्ध' लिहिलं.

ते मान तिरपी करून वाचत होते. "हे धरम झालं. जात लिही."

"माफीनाम्याला जात कशाला लागते?"

"फॉरमॅट हाय."

"यांच्या तक्रारीत यांची लिहिली आहे का?"

"त्यांची तक्रार कुठं हाय? त्यांनी नुसतं सांगितलं."

मी थांबले. तक्रार नाही. तक्रार नाही म्हणून गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणून पंचनामा नाही. म्हणजे त्या दिवशी जे घडलं त्यातलं काहीच कागदावर घडलं नव्हतं. गाडी नव्हती. ड्रोन नव्हता. 'बरं' नव्हतं. कागदावर एकच गोष्ट घडणार होती. माझी माफी. माझ्याच अक्षरात.

जातीचा रकाना मी आजवर कितीदा तरी भरला आहे. शाळेत, शिष्यवृत्तीला, प्रवेशाला. तिथे तो भरताना हात कधी अडखळला नाही. तिथे तो माझा हक्क सांगतो. ज्यांनी तो मिळवून दिला त्यांना स्मरून मी तो भरते. इथे त्याच शब्दापुढे जे वाक्य येणार होतं ते होतं 'माझ्या हातून चूक झाली.' शब्द तोच. इथे तो माझा गुन्हा म्हणून लिहायचा होता.

मी पेनाला टोपण लावलं.

"मी लिहिणार नाही."

"मंग कॅमेरा भेटणार न्हाई."

"ठीक आहे. ठेवून घेतल्याची पावती द्या."

"ठेवून कुठं घेतला?" जमादार म्हणाले. "तू इसरून गेलीस इथं."

मामा चहा पिता पिता हसले. अण्णा माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "लिही माय. मी लिहितो की गेटवर. पाच मिनिटं उशीर झाला की लिहितो, चूक झाली, माफी असावी. लिहिल्यानं काय हात झडतो का?"

"अण्णा, चला," मी म्हणाले.

ते लगेच निघाले नाहीत. आधी मामांची माफी मागितली. तोंडी. मी दारात उभी राहून ती पूर्ण ऐकली.

दुसऱ्या सकाळी मी तलावावर गेले. गाडी गेली होती. खडकाळ पट्ट्यात चाकांचे दोन लांब ठसे होते. तीन घरटी त्या ठशांत होती. वाळलेला बलक, कवचाचे तुकडे. दोन अंड्यांत पिल्लं पूर्ण तयार होती. पाय दिसत होते. मी फोन काढला तर रक्षक खोलीतून आला.

"फोन ठेवा मॅडम. मला वर सांगायला लावू नका."

पुन्हा मॅडम. बघणारं कोणी नव्हतं ना.

"काल तुम्हाला अंडी दिसत होती," मी म्हणाले.

त्याने चाकांच्या ठशांकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी बी लेक शिकून राह्यली." आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी फोटो काढले. त्याने अडवलं नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले नाहीत.

उरलेल्या आठ घरट्यांतली पिल्लं त्याच आठवड्यात निघून गेली. टिटवीचं पिल्लू जन्मल्या दिवशीच चालायला लागतं. पुरावा म्हणून थांबत नाही. फोनवरचे फोटो प्रबंधात चालत नाहीत, आधीच्या मोजमापांशी ते जुळत नाहीत. माझे मार्गदर्शक सर वाईट नाहीत. ते फोनवर म्हणाले, "दोन ओळींसाठी वर्ष घालवू नकोस. महिनाअखेर कॅमेरा विभागात जमा झाला नाही तर मी तुझा प्रबंध पुढे पाठवू शकत नाही." त्यांनी दोन ओळी म्हटलं. मामाही ठाण्यात दोन ओळीच म्हणाले होते.

मागच्या आठवड्यात मला कळलं की अण्णा सुट्टी टाकून एकटेच ठाण्यात जाऊन आले. माझ्या वतीने लिहून देतो म्हणाले. जमादारांनी घेतलं नाही. "तिचंच अक्षर पाहिजे," असं सांगितलं. तेव्हापासून अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल जेवताना म्हणाले, "माझ्यासाठी लिही. मी म्हणतो म्हणून लिही."

मी नाही म्हणाले.

जमादारांना नाही म्हणणं सोपं होतं, हे मला काल कळलं. अण्णा ताटावरून उठले. त्यांचं अर्धं जेवण तसंच राहिलं. मी ताट उचललं नाही. बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिले. रडले. पण उत्तर बदललं नाही.

मी एक तक्रार लिहिली आहे. तीन पानं. किती वाजता काय झालं, कोण काय म्हणालं, कॅमेऱ्याचा क्रमांक, फुटलेल्या अंड्यांचे फोटो, आणि मला काय लिहायला सांगितलं ते शब्दशः. ती घेऊन मी चार वेळा ठाण्यात गेले. चारही वेळा ती घेतली नाही. जमादार टेबलाच्या खणातून माझा तो कागद काढून दाखवतात. माझं नाव, वय आणि एक शब्द. "पुरा कर," म्हणतात. एक प्रत मी वरच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर नाही.

मला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. हे धैर्य नाही. धैर्य असतं तर झोप लागली असती. ही फक्त आकडेमोड आहे : कॅमेरा गेला तर माझं एक वर्ष जाईल. तो कागद पूर्ण केला तर यापुढे जिथे जिथे कोणी मला 'घर कोणीकडं' विचारेल, तिथे तिथे मी उत्तराआधी माफी मागत राहीन.

उद्या सोमवार. अकरा वाजता मी पाचव्यांदा जाणार आहे. तक्रारीवर पोचल्याचा शिक्का मागणार आहे. नाही म्हणाले तर बाकावर बसणार आहे. बाकावरून उठवलं तर दारात उभी राहणार आहे. मंगळवारी पुन्हा जाणार आहे. महिनाअखेर निघून जाईल, प्रबंध अर्धाच राहील, कदाचित प्रवेशही हुकेल. राहू दे. माझ्या अक्षरात त्यांना तक्रारच मिळेल.