तेलाचा गुण

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. बायकोकडेही नाही – आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे एरवी फारसं काही नसतं.

चार वर्षांपूर्वी मी कॉलेजातून निवृत्त झालो. मराठी शिकवायचो. शाल, श्रीफळ, 'दोन शब्द' म्हणून उठून पाऊण तास बोलणारे पाहुणे – यांची थट्टा करण्यात हयात गेली. हे आधी सांगतो, कारण – कारण पुढचं सांगणं टाळतो आहे.

दीड वर्षापूर्वी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. टेबलावर कोपर टेकून वाचायची जुनी सवय. कोपरात नस दबली होती. सात रस्त्याजवळचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, ऑपरेशन नको. कोपर टेकू नका, फार वेळ दुमडू नका, झोपताना टॉवेल गुंडाळा म्हणजे हात वाकणार नाही. बाकी वाट पाहा. आता यात चारचौघांत सांगण्यासारखं काय आहे? टॉवेलला कोण हार घालतं?

मधे मेहुण्यांच्या आग्रहाखातर मैंदर्गीकडच्या एका वैद्यांकडून एकदा – एकदाच – तेल चोळून घेतलं. त्यांनी दिलेली बाटली मी उघडलीही नाही. टॉवेल मात्र नेमाने गुंडाळला, आणि हळूहळू बोटांत जाण परतली.

मग मेहुण्यांच्या मंडळाने त्या वैद्यांचा सत्कार ठेवला. बरा झालेला रुग्ण म्हणून मला वर बसवलं. नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण निवृत्त झाल्यापासून माझ्या हातात कुणी माइक दिला नव्हता. "यांच्या हाताला गुण आहे," मी म्हणालो. बोललो छान. टाळ्या पडल्या. शालही घेतली.

एवढंच असतं तर स्वतःवर हसून सोडून दिलं असतं.

तिसऱ्या रांगेत श्रीशैल होता. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं शिंप्याचं दुकान. त्याचीही तीच दोन बोटं, तोच बधिरपणा. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून त्याने मशीन थांबवलं.

"सर, स्टेजवर मानूस कायबी बोलतंय. मला खरं सांगा – तेलानंच गेलं का?"

दुकानात आम्ही दोघंच. टाळ्यांना कुणी नव्हतं. मी "हो" म्हणालो. का? काल बोललेलं आज मागे घ्यायची लाज वाटली – एका शिंप्यासमोर. 'एका शिंप्यासमोर' हे शब्दही लिहून ठेवतो. मनात तेच होते.

"मग झालं की! डॉक्टर कशाला पायजे?" तो हसला आणि पुन्हा मशीनवर वाकला – दोन्ही कोपरं फळीवर टेकून. मी ते पाहिलं. पाहून बाहेर पडलो.

तो डॉक्टरकडे गेला तोवर अंगठ्याजवळचं मांस बसून खळगा पडला होता. आता ऑपरेशन केलं तरी हात पहिल्यासारखा होणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. कात्री हातात ठरत नाही. कापड बायको बेतते, शिवतेही तीच. तो डाव्या हाताने इस्त्री करतो.

मला पाहिलं की अजून स्टूल पुढे सरकवतो. तेल त्याने सोडलेलं नाही. परवा विचारत होता, "सर, तुमाला कितव्या महिन्यात गुण आल्ता?"

"तिसऱ्या," मी म्हणालो.

त्याचा अकरावा चालू आहे.