पाचवीचा बेलभंडार

“येईल की! वाट ठावी हाय त्याला.”

दाराबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याला मावशी एवढेच सांगत आणि पाणी तापवायला पिटाळत. पाणी आधीच तापलेले असे. “बाप्या रिकामा बसला की कळा त्यालाच येत्यात,” असे त्या आत येऊन पुटपुटत, आणि अडलेली बाईसुद्धा हसून घेई. अशी एखादी सुईण तुमच्याही पेठेत असेल. पण आमच्या मावशींनी जे केले, ते तिने केले नसावे.

मावशी करमाळ्याकडच्या मेंढपाळ घरातल्या. नवरा गिरणीत कामाला म्हणून सोलापुरात आल्या आणि तो वारल्यावर इथेच राहिल्या. त्यांची आणि आमची भिंत एकच होती. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत, त्यामुळे मी अक्षरे शिकले ती पत्रकांवर, आणि मोठी झाल्यावर पत्रकेच लिहू लागले. सटवाई कपाळावर काहीही लिहीत नाही, हे सांगणारे एक पत्रक मी मावशींना मोठ्या आवेशाने वाचून दाखवले होते.

“झ्याक लिवलंस,” त्या म्हणाल्या. “पर मला कशाला? सटवाईला वाचून दाव की.”

त्यांना एकच मुलगी. ती त्यांनी पलीकडच्या बोळातल्या जॉबरला दिली. जॉबर म्हणजे गिरणीत माणसे लावणारा आणि काढणारा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या चुली त्याच्या मर्जीवर पेटत. एका सकाळी त्याच्या परसातल्या आडात मुलीचे प्रेत सापडले. पाणी ओढताना पाय घसरला, असे त्याने सांगितले. मावशींनी लेकीला शेवटची आंघोळ घातली, तेव्हा तिच्या मानेवर बोटे उमटलेली त्यांनी पाहिली.

खटला उभा राहिला. शेजारच्या ज्या बायकांनी त्या पहाटे किंकाळी ऐकली होती, त्यांनी काहीच ऐकले नाही असे सांगितले. त्यांचे नवरे मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. जॉबरने देवाची शपथ घेतली, आणि खोटे बोलताना त्याची पापणीही हलली नाही. त्याच्या वकिलाने मावशींना विचारले, “मानेवरच्या खुणा सांगता, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“न्हाय. आई हाय.”

कोर्टात हशा झाला. तो निर्दोष सुटला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्याने गळ्यात हार घालून घेतला. माणूस मेले, सगळ्यांना ठाऊक होते कुणी मारले, आणि सरकारी शिक्क्यानिशी ते घडलेच नाही असे ठरले!

मावशी पुढेही बाळंतपणे करीत राहिल्या. खोट्या साक्षी दिलेल्या बायकांचीसुद्धा. मी संतापून विचारले, “त्यांच्या उंबऱ्यावर पाय तरी कसा ठेवता?”

“पोरानं साक्ष दिली न्हाय की,” त्या म्हणाल्या.

वर्ष उलटायच्या आत जॉबरने दुसरे लग्न केले. ही बायको अगदी कोवळी, केवड्यासारखी गोरी, कुणाकडे मान वर करून न पाहणारी. तिला दोन मुले झाली, ती पाचवीच्या आत झटके येऊन गेली. गल्ली कुजबुजली, हा तळतळाट आहे. जॉबर कोर्टाला भ्याला नव्हता, पण याला भ्याला. तिसऱ्या खेपेला ती अडली, तेव्हा भर दुपारी त्याची आई मावशींच्या दारात आली.

“विहीणबाई, पदर पसरते. तुमी हात लावल्याबगर ह्ये जगायचं न्हाय.”

मावशींनी पिशवी उचलली. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. खरे सांगते, मला भीती वाटली ती त्यांच्यासाठी नव्हे, त्या पोटातल्या जिवासाठी. नळावरच्या बायका तर उघड बोलत होत्या, “आता बगा, नाळ कापताना सूड घेती का न्हाय.” आणि त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा आशाच जास्त होती.

“हात सोड,” मावशी म्हणाल्या. “पोर आडवं आलंय.”

संध्याकाळी त्या घरातून रडण्याचा आवाज आला. मुलगा झाला होता, चांगला खणखणीत. मावशी त्या घरातच राहिल्या. नाळेला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, फडकी स्वतः उकळली, बाळंतिणीला स्वतः भरवले. ज्या परसात त्यांची लेक बुडाली, तिथेच त्या लंगोट वाळत घालीत होत्या. मला ते बघवेना. ही क्षमा म्हणावी की लाचारी, हेच मला कळेना.

पाचवीला मी गेले. सटवाईविरुद्ध पत्रक लिहिलेली मी, तिच्याच पूजेला दिवेलागणीला गल्लीतल्या बायकांत, खोट्या साक्षी दिलेल्यांच्या शेजारी, भिंतीशी बसले. पाटा-वरवंटा मांडला होता, पुढे कोरा कागद आणि बोरू. आमच्याकडे रीत अशी, की सुईणीची ओटी भरायची आणि तिने ‘भरून पावले’ म्हणायचे. ती बोलल्याशिवाय सटवाई लिहायला बसत नाही. जॉबरच्या आईने नवे लुगडे पुढे केले. मावशींनी पदर पसरलाच नाही.

“लुगडं नगं. जावायाला बोलवा.”

तो आला. मावशींनी बाळाच्या उशाशी बेलाचे पान ठेवले आणि वर चिमूटभर भंडारा टाकला, शपथ घ्यायला मांडतात तसा.

“उचल. आन सांग, माजी ल्येक आडात कशी ग्येली.”

तो उभाच राहिला. त्याची आईच ओरडली, “बोल बाबा! खोटं बोललास तर ह्यो बी जाईल!”

त्याने बेलभंडार उचलला.

“पडली न्हाय. मीच मान धरून ढकलली.”

“कशापायी?”

“आंगुळीचं पाणी गार दिलं व्हतं.”

मावशींनी विचारले, “लगीच ग्येली?”

“न्हाय. वरडत व्हती. पोहऱ्याचा दोर धराय बगत व्हती.” त्याने आईकडे पाहिले. तिने तोंड फिरवले. “मी दोर वर वडून घेतला.”

मी पत्रकांतून किती अन्याय वाचले, किती लिहिले! पण असे वाक्य कुठेच आले नव्हते. दोर वर ओढून घेतला. पाणी गार होते म्हणून.

मावशी बाजेकडे वळल्या. “ऐकलंस का ग बाय?”

ती कोवळी बाळंतीण उठून बसली होती. “ऐकलं, मावशी.”

“मी म्हायेरला चालले. तुजं तू ठरीव.”

तिने डोक्याला फडके बांधले आणि मुलाला उचलले. सासू आडवी आली. “पाचवीची बाळंतीण उंबरा वलांडत न्हाय!”

तेव्हा कोर्टात काहीच न ऐकलेल्या त्या बायका एकेक करून उठल्या. त्या बाळंतिणीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि सासूला सरकावे लागले. जॉबर हातातला भंडारा तसाच धरून भिंतीला टेकला होता.

कोपऱ्यावर टांगा उभा होता. आत मावशींचे भाऊ घोंगडी पसरून बसले होते. ते सकाळीच गावाहून आले होते. म्हणजे मावशींनी त्यांना आधीच बोलावून घेतले होते! हात धुऊन त्या घरात शिरल्या, त्या दिवशीच हे ठरले असेल का? की मुलीच्या चितेपाशीच?

“मावशी, एवढ्या साक्षी आहेत. मी वकिलाकडे जाते,” मी टांग्याचा दांडा धरून म्हटले.

“जा की. पर माजं झालं. आता बसू दे त्याला त्या घरात. लेकाला हाक मारली तर व्हय म्हणाय कुनी न्हाय.”

मावशींना, बाळंतिणीला आणि बाळाला घेऊन टांगा सात रस्त्याकडून स्टेशनाला गेला. करमाळ्याजवळच्या जेऊरची गाडी त्यांना मिळाली असावी. दुसऱ्या दिवशी वकिलाने मला समजावून सांगितले, की एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच खुनाचा खटला पुन्हा चालत नाही. त्याने ते इतक्या शांतपणे सांगितले, की मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली.

मावशी परत आल्या नाहीत. त्यांची खोली कुलूपबंदच राहिली. पुढे मेंढरे घेऊन आलेल्या त्यांच्या भाच्याकडून कळले, की मुलगा बाळसे धरून आहे. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते ठाऊक झाले. जॉबरला कुणी सांगितले नाही; तो त्या गावी गेला, तेव्हा मावशींच्या भावांनी त्याला वेशीवरूनच परतवले होते.

गिरणी सुटल्यावर तो त्या कुलपाखालच्या पायरीवर येऊन बसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना विचारी. त्या पदर सावरून पुढे जात. एका संध्याकाळी मी दार लोटीत होते, तेव्हा तो उठून उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली होती.

“ताई, आता रांगत असंल न्हाय का त्यो?”

मी त्याच्याकडे पाहिले आणि आतून कडी लावून घेतली.