बंद मोटरचं बेअरिंग

हसायचं तेवढं हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हा घोळ ऐकताना आजवर दोघांनी शर्टावर चहा सांडलाय.

मी इथे भोपाळला कारखान्यात, मोटर टेस्टिंगला. खात्यात मीटर आहेत, यंत्रं आहेत. पण मोटर कुरकुरली की बोलावणं मला येतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग." उघडून बघावं तर मागचंच! बावीस वर्षांत हा कान चुकला नव्हता. प्रमोशन हुकलं तेव्हा वाईट वाटलं नाही, पण कानाला कोणी नावं ठेवली असती तर जेवण गेलं नसतं.

अशा माणसाला खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचं वेड लागलं. भोपाळ कुठे, समुद्र कुठे! पण टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये मीठ कालवून मी समुद्र केला. पट्ट्यापट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, आणि पाणी फिरवायला टाकीबाहेर एक मोटर. मग मुंबईहून समुद्रातला दगड मागवला. भोकाभोकांचा दगड असतो, त्यात बारीक जीव राहतात. काही न सांगता, फुकट प्रवास करून येतात, आणि कोण कोण आलंय ते आपण शोधून काढायचं. हबीबगंज स्टेशनवर जाऊन थर्माकोलचं खोकं आणलं तेव्हा रिक्षात मी ते मांडीवर धरून बसलो होतो. नवजात बाळ आणावं तसं!

दोन दिवस भिंग घेऊन टाकीपुढे मुक्काम. ही गोगलगाय, ही अळी, हा केसाळ किडा. वहीत चित्रं काढली. आनंदानं जेवणसुद्धा सुचेना.

तिसऱ्या दिवशी आवाज आला. टक्.

थोड्या वेळानं पुन्हा. टक्. टक्.

आमची सुलभा म्हणाली, "अहो, दगडात कोणीतरी आहे. मी मिशा पाहिल्या."

मी तिला समजावलं की ते शेवाळ आहे. आणि आवाजाचं म्हणशील तर तो माझा प्रांत. स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. बेअरिंग!

जुनी दुकानात परत देऊन नवी मोटर आणली. टक्. म्हटलं, हीसुद्धा त्याच खराब लॉटमधली. तिच्याखाली रबर घातलं, रबराखाली सतरंजी घातली. टक्. आता माझं रक्त तापलं. घरच्या वीतभर मोटरनं मला हरवायचं?

रविवारी दुपारी सक्सेनाजींना बोलावलं. ते आमच्या वाइंडिंग शॉपचे, माझ्याहून सीनियर आणि मनानं सरळ. त्यांनीही कान लावला. म्हणाले, "भाई, मोटर तो मक्खन चल रही है. और बेयरिंग बोलेगा तो ताल में बोलेगा. ये तो जब मन हुआ, तब बोल रहा है."

तिथेच थांबायला हवं होतं! पण मी कसला थांबतोय? मी म्हणालो, दोष कोवळा असला की आवाज असाच येतो. बावीस वर्षांचा कान बोलत होता!

मोटर बंद केली. वर्तमानपत्र पसरलं, एकेक भाग खोलून त्यावर मांडला. बेअरिंग हातात धरून मी सक्सेनाजींना त्याची झीज दाखवायला लागलो, आणि टाकीतून आवाज आला.

टक्.

सक्सेनाजींनी माझ्या हातातल्या बेअरिंगकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग माझ्याकडे.

मी काय म्हणावं? म्हणालो, "मोटर गार होताना धातू आक्रसतो." वर्तमानपत्रावर पसरलेली मोटर हो!

एवढ्यात सुलभा म्हणाली, "मासे वर येऊन तोंड उघडताहेत. तुमची मीटिंग आवरा."

पाणी थांबलं की त्यांचा श्वास कोंडतो, आणि या शोधकार्यात एक स्क्रू सोफ्याखाली गेलेला! सक्सेनाजी पालथे पडून स्क्रू शोधताहेत, मी तांब्यानं टाकीतलं पाणी घेऊन उंचावरून परत टाकीत ओततोय, हात भरून आले, तरी ओततोय. देवाशपथ, एवढ्या भक्तीनं मी कधी अभिषेक केला नव्हता.

आणि त्या ओतण्यानं वैतागून दगडातून स्वारी बाहेर आली. बोटाच्या पेराएवढा झिंगा, एक नांगी डोक्याहून मोठी. आमच्या देखत त्यानं ती मिटली. टक्!

सुलभानं मोबाइलवर त्याचं नाव शोधून वाचून दाखवलं. चुटकी वाजवणारा झिंगा. मिशा होत्याच. तिनं फोटो मोठा करून नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं.

स्क्रू सापडला, मोटर जोडली, मासे वाचले. दोघंही अजून आहेत, झिंगाही आहे. सक्सेनाजींना मी हात जोडून सांगितलं, खात्यात बोलू नका. त्यांनी दिलेला शब्द सोमवारी चहाच्या सुट्टीपर्यंत पाळला.

आता मी मोटरला कान लावून डोळे मिटले की मागून कोणीतरी अदबीनं विचारतं, "साहब, बेयरिंग है या झींगा?" सगळे हसतात. मीही हसतो. आणि खरं सांगू? उत्तर देण्याआधी मी गुपचूप स्विच बंद करून ऐकतो.