स्वतःच्याच खरेदीविरुद्ध तक्रार

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावात केला, हे जुनी डायरी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र डायरीला हात न लावता सांगू शकतो. त्यात रक्त सांडले नाही, हत्यार निघाले नाही. तरी निवृत्तीनंतर मला सगळ्यांत जास्त वेळा तेच आठवते.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. पस्तिशीचा एक माणूस आणि साठीच्या पुढची एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माणसाच्या हातात पत्र्याची छोटी पेटी होती.

"साहेब, मी एक घर विकत घेतलं," तो म्हणाला. "हे घर या बाईचं हाय. पण या बाईनं मले विकलंच नाई."

मी त्यांना बसायला सांगितले. माणूस गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यातला सुतार होता. त्याचे वडीलही तेच काम करत. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणतो. वर्षानुवर्षे लोकांची घरे दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आले होते, की मालक पडके घर घेतो, आपल्याकडून नीट करून घेतो आणि चांगल्या भावात विकतो. मग हे आपणच का करू नये? मोबाईलवर त्याने या धंद्याची माहिती पाहिली. बायकोचे दागिने मोडून गावाबाहेरच्या नव्या रस्त्याजवळचे एक जुने कवेलूचे, म्हणजे कौलांचे, घर घेतले. ते त्याचे पहिलेच घर. दलालाने मालकीण म्हणून एक बाई आणली, रजिस्ट्री झाली, ताबा मिळाला. त्याने छप्पर बदलले, फरशी घातली, सागवानी दारे स्वतः केली. गिऱ्हाईकही ठरले.

शेवटी स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी त्याने एक भिंत पाडली. भिंतीत विटा लावून बंद केलेला कोनाडा निघाला, त्यात ही पेटी होती. आत नवरा-बायकोचा फोटो, जुने रेशनकार्ड आणि काळ्या मण्यांचे मंगळसूत्र.

"घर विकणारी बाई हे मागं ठेवून जात नाई, साहेब," मिस्त्री म्हणाला. "आनि फोटोतली बाई रजिस्ट्रीले आलेली नव्हतीच. दलालाले इचारलं तर म्हणे, फेकून दे. मग रेशनकार्डावरून नाव शोधत शोधत गोंडपिपरीकडं या बाईंच्या भावाच्या गावी गेलो. दारात ह्याच बाई उभ्या होत्या."

बाईने पेटी मांडीवर घेतली होती. नवरा वारल्यावर ती धानाच्या शेतीला हातभार लावायला भावाकडे गेली होती. घराला भाडेकरू पाहून दे म्हणून तिने किल्ली आणि कर पावती त्याच दलालाकडे दिली होती. "मी भाड्यानं द्याले सांगतलं होतं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

आता माझी चूक सांगतो. गुन्हा मी लगेच नोंदवला. तोतयेगिरी, बनावट दस्तऐवज आणि फसवणूक, अशी सरळ कलमे होती. पण मिस्त्रीवर माझा विश्वास बसला नाही. स्वतःचे घर जाईल अशी तक्रार कोण करतो? दलालाशी याचे बिनसले असेल आणि पकडले जाण्याआधी हा साळसूद बनून आला असेल, असे मी धरून चाललो. त्याचा मोबाईल जमा केला. सलग तीन दिवस त्याला चौकशीला बोलावले. सकाळी यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी जायचा. दलालाला कधीपासून ओळखतोस? कागद कुणी केले? तुझा वाटा किती? मी फिरवून फिरवून तेच विचारत होतो आणि तो तीच उत्तरे देत होता. उत्तरे बदलत नाहीत याचाही मी अर्थ लावला, की पाठ करून आलाय.

दलाल तिकडे निवांत होता. पांढरा सदरा, खिशात दोन पेन. "साहेब, आपलं काम दोन पार्ट्या जोडनं. बाईनं कार्ड दाखवलं, हापिसात अंगठा दिला. खोटी निघाली तर मी काय करू?" ती बाई आता कुठे आहे, हे त्याला माहीत नव्हते. नोंदणी कार्यालयातून आम्ही दस्ताची प्रत आणली. त्यावर त्या तोतया बाईचा फोटो होता, पदर पुढे ओढलेला, चेहरा अर्धा. अशा बाया आमच्या आणि नदीपलीकडच्या जिल्ह्यात हजारो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमची महिला हवालदार चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "साहेब, राग मानू नका. आपण याला तू काय केलंस एवढंच विचारतोय. ती तोतया बाई रजिस्ट्रीच्या दिवशी याच्या शेजारी दोन तास बसली होती. यानं काय पाहिलं, ते कोणी विचारलंच नाही."

मी कप बाजूला सारला. मग मिस्त्रीला आत बोलावले, खुर्ची दिली आणि विचारले.

तो खुर्चीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "चेहरा मी पाह्यला नाई. परक्या बाईच्या तोंडाकडं पाह्यत बसनं बरं नाई. पण हात पाह्यले. मी लाकडाचा मानूस, मले हातच दिसते. डाव्या हाताच्या बोटाईवर बारीक बारीक चिरा होत्या, जुन्या बी आनि ताज्या बी. कापूस येचून, धान कापून असे हात होत नाई. बांबूच्या पातळ काड्या काढनाऱ्याचे होते."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाई, साहेब."

टोपल्या-सुपे विणणाऱ्यांचा माल आठवडी बाजारात येतो. हवालदार साध्या साडीत फोटो घेऊन बाजार फिरू लागली. आधी आमच्या तालुक्यातले, मग नदीपलीकडचे. दुसऱ्या आठवड्यात मुलचेऱ्याच्या बाजारात ती बाई सापडली. सुपे मांडून बसली होती. पळाली नाही. उरलेली सुपे शेजारणीकडे सोपवून जीपमध्ये बसली.

ठाण्यात तिने सांगितलेले ऐकून मी लिहिता लिहिता थांबलो. दलाल तिला बाजारातच भेटला होता. तुमचे घर गळते ना, सरकारी घरकुल मिळवून देतो, म्हणाला होता. तुमचे नाव यादीत बसत नाही, म्हणून मी सांगतो ते नाव सांगायचे, एका दिवसापुरते.

"दुसऱ्याचं नाव सांगताना काही वाटलं नाही?" मी विचारले.

"वाटलं," ती म्हणाली. "पन घर भेटन असं बी वाटलं."

मी दलालाला समोर आणून बसवले. दोघांना समोरासमोर बसवायचे तेव्हा अधिकाऱ्याने बोलू नये, हे मी जुन्या फौजदारांकडून शिकलो होतो. बाईने त्याला पाहिले आणि पदर सावरून, अगदी साध्या आवाजात विचारले, "भाऊ, माह्या घराचं काय झालं? लय दिवस झाले, तुमी आलेच नाई."

आपल्याला ठाण्यात का आणले, हे तिला तोवर समजलेच नव्हते. दलालाने मान खाली घातली. इतक्या दिवसांच्या चौकशीत पहिल्यांदाच त्याने पाणी मागितले. मग सगळे सांगितले.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून त्याने दाखवलेल्या दुकानातून बनावट ओळखपत्राचा मजकूर असलेला संगणक पंचांसमक्ष जप्त केला. दस्तावरचा अंगठा तज्ज्ञांकडे पाठवला, तो टोपलीवाल्या बाईचाच निघाला. तिलाही अटक करावी लागली. पुढे ती माफीची साक्षीदार झाली आणि दलालाला शिक्षा लागली. कागदावर पाहिले तर तपास चांगला झाला. मला शाबासकीही मिळाली.

खऱ्या मालकिणीला घर परत मिळाले, त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो होतो. नवे छप्पर, चकचकीत फरशी. ती दारातच थांबली. मिस्त्री बाजूला उभा होता. त्याची मेहनत आणि बायकोचे दागिने त्या भिंतींत गेले होते आणि त्यावर त्याचा आता काही हक्क नव्हता. बाई आत गेली, पाडलेल्या भिंतीच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "चांगलं झालं. पन इथी आमचे ते टेकून बसत जाय, ती भिंत नाई राह्यली." मिस्त्री म्हणाला, "बाई, सांगा, बांधून देतो." तिने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही.

आता कुणी मला घरात पैसा गुंतवायचा म्हणून सल्ला विचारतो, तेव्हा सांगतो: कागद वकिलाला दाखवा, जुन्या नोंदी काढा, पण त्याआधी मालकाच्या दारात जाऊन बसा, शेजाऱ्यांशी बोला. घर कुणाचे आहे हे शेजारी सांगतात. मिस्त्री आज तेच करतो. त्या नुकसानातून सावरून त्याने आणखी घरे घेतली, दुरुस्त केली, विकली.

मी स्वतः काय शिकलो, ते याहून वेगळे आहे. खाकी अंगावर असताना माणसाला संशयाने पाहणे सोपे जाते, कारण त्यात आपण हुशार ठरतो. समोरचा खरे बोलतोय असे मानून प्रश्न विचारायला जास्त धीर लागतो. त्या तीन दिवसांत माझ्याकडे तो धीर नव्हता.

निवृत्तीनंतर मी मिस्त्रीच्या कारखान्यात गेलो. तो रंधा मारत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या तीन दिवसांबद्दल मी कधी माफी मागितली नाही. ती मागायला आलोय."

त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला. मग रंधा बाजूला ठेवून समोर बसला.

"मी बसलो त्याचं काई नाई, साहेब," तो शेवटी म्हणाला. "पन अब्बांनी त्याच्यानंतर मशिदीत जायचा रस्ता बदलला. ठाण्यासमोरून दोन मिनिटाचा होता. ते नाल्याकडून फेरा घेऊन जात, पाय दुखत होते तरी. मरेपर्यंत तसेच गेले. मी लय सांगतलं, अब्बा, आता सगळ्याले माहीत हाय आपन खरे होतो. ते म्हणत, मले माहीत हाय बेटा, पन पाय तिकडं वळत नाई."

चहा आला. एक कप त्याने माझ्यासमोर सरकवला, एक स्वतः घेतला.