विलासची विदाई राहिली

पिक्चर पाहून रडलात ना? मग आता हेही वाचा.

रविवारी आमच्या सेक्शनची सगळी मंडळी बायकापोरांसकट पिक्चरला गेली होती. गोष्ट साधी. एका माणसाला जीवघेणा आजार होतो. मित्र जमतात, त्याला समोर बसवून निरोप देतात. हसतात, शिव्या घालतात, गळ्यात पडतात.

आमची अख्खी रांग हुंदके देत होती. गजूभाऊंचा रुमाल ओला झाला.

घरी पोचायच्या आत त्यांचं स्टेटस: "जाणाऱ्याला असा निरोप द्यावा. मस्ट वॉच."

माझं डोकंच फिरलं.

कारण आज विलासला जाऊन वर्ष झालं. आणि विलासनं नेमकं हेच मागितलं होतं. तोंड उघडून. याच गजूभाऊंकडे.

जबलपूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या फॅक्टरीत माणूस रिटायर झाला की शेवटच्या दिवशी त्याला हार घालून, वाजतगाजत गेटपर्यंत आणतात. बाहेर घरचे उभे असतात. तिथे दोन-चार जण बोलतात. थोडी स्तुती, जास्त खेचाखेची. मग सगळे त्याला घरापर्यंत सोडायला जातात.

याला आम्ही विदाई म्हणतो.

सेक्शनमधल्या प्रत्येकाची विदाई विलास करायचा. ढोलवाला तो ठरवणार, हार तो आणणार, साहेबांना नाचायला तोच ओढणार. भारी हौस त्याला.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, वंदनावहिनींना, बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता घरी न्या.

जबलपूरला, अधारतालच्या घरी आणलं आणि नाटक सुरू झालं.

त्याला सांगायचं, अल्सर आहे. भेटायला येणाऱ्याला दारातच ताकीद, "काही बोलायचं नाही हं." मग आत जाऊन एकेक जण शूर.

"अरे, काही नाही झालं तुला!"

"पुढच्या महिन्यात ड्यूटीवर!"

"पॉझिटिव्ह रहा यार!"

माणूस हाडांचा सापळा झालेला, आणि हे त्याला ड्यूटीवर बोलावत होते.

एका दुपारी मी एकटाच त्याच्याजवळ होतो. विलास म्हणाला,

"काहून बे, तुम्ही मले येडा समजता का?"

मी त्याची उशी सारखी करायला लागलो.

"मले समजते सगळं. रिटायरमेंटपर्यंत मी काही पोचत नाही. माझी विदाई आत्ताच करून टाका ना. व्हीलचेअरवर बसतो. गेटवर न्या, हार घाला, ढोल वाजवा. काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला. मेल्यावर मले काय ऐकू येणार हाय?"

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ आले. सेक्शनमधले सगळ्यात मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. विलासनं त्यांनाही हेच सांगितलं.

गजूभाऊ हसले. "अरे चल! साठ पूर्ण कर, फिर धूमधाम से करेंगे."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जित्या माणसाची अशी विदाई? अपशकुन असते रे."

अपशकुन!

ज्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, जिथे लग्नाला मुहूर्त पाहत नाहीत, त्या घरच्या माणसाच्या तोंडात अपशकुन. जन्मभर विहारात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली, आणि मित्राला एक हार घालायची वेळ आली तेव्हा टरकले.

वहिनींचंही तेच. "भाऊजी, विदाई केली तर ते हिंमत सोडतील." मी भांडलो त्यांच्याशी. त्यानंतर मला त्याच्याजवळ एकट्याला बसू दिलं नाही.

विलासनं मग कोणाकडे काही मागितलं नाही. कोणी आलं की डोळे मिटून पडायचा. ड्यूटीवर कधी येतोस विचारलं की म्हणायचा, "येतो, येतो." मरणारा माणूस आमची समजूत काढत होता! लाज वाटायला हवी होती आम्हाला.

आणि तो गेला. मग काय झालं, ठाऊक आहे?

अंत्ययात्रा फॅक्टरीच्या गेटवर थांबवली. इतके हार की चेहरा दिसेना. गजूभाऊ बोलले, "विलाससारखा माणूस पुन्हा होणे नाही." फार सुंदर बोलले. सगळे रडले.

ज्याला ऐकायचं होतं, तो सोडून सगळे हजर होते.

आज सकाळी विहारात विलासच्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. कार्यक्रम संपल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. वर्षभरात आम्ही धड बोललो नव्हतो.

"भाऊजी, पोरीसंगं मीबी पाह्यला तो पिक्चर. अर्ध्यातून उठून आली."

मी त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं.

"त्यायले सगळं माहीत हाय, हे मले समजत होतं हो. ते डोळे मिटून घेत, अन् मी स्वयंपाकघरात जाऊन रडत होती. भेव वाटे. वाटे, ढोल वाजला की हे गेलेच."

पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तुम्ही काय बोलणार होते गेटवर? मले तरी सांगा."

त्यांच्यावरचा राग तिथेच गेला. बाकीच्यांवरचा आहे, आणि राहणार.

पण तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून इथे लिहितो. वहिनी, हे तुमच्यासाठी. गजूभाऊ, तुम्हीही वाचा.

मंडळी, जयभीम.

आज आपला विलास जाऊन राहिला. हा माणूस फिटर एक नंबर आणि नाचतो एकदम भिकार. रोज माझ्या डब्यातली भाजी यानंच पळवली. माझी माय दवाखान्यात होती, तेव्हा रोज ड्यूटी सुटल्यावर तिच्याजवळ जाऊन बसायचा, आणि मला कधी बोलला नाही. मायनं सांगितलं.

विलास, तू आम्हाले लय सांभाळलं बे. तुझ्याबिगर मले करमणार नाही.

भेव वाटत असंन तर माझा हात धर. गेटपर्यंत मी हाव तुझ्यासंगं. पुढं तुले एकट्यालेच जा लागन.

जा बाबा.