पाणी वाळायची वाट पाहणारी न्हाणी

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट सांगतो. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला कल्याणला माहेरी आलीय. नव्या न्हाणीत तिने पाय ठेवला आणि मोरीजवळची फरशी कलली. चौकट हाताशी होती म्हणून पडली नाही.

ही न्हाणी बांधणारा गवंडी ठाण्याला साहेबांचे बंगले बांधल्याच्या बाता मारतो. त्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर तांब्याने फरशी ठोकली. खाडीवरच्या रेल्वेच्या पुलाला चुन्याच्या पाट्या वाहून मी वर आलोय. पोकळ आवाज मला कळतो.

"आत पोकळ आहे रे."

"नाही शेट, हा दगडच असा बोलतो."

फरशी उचलली. चुन्याच्या जागी नुसती माती, तीही वाहून गेलेली. आणि मोरीचं तोंड फरशीपेक्षा बोटभर वर!

"हे वर का?"

"मोरी दक्षिणेला आली ना, शेट. तिकडे पाणी उतरलं तर घराला बरं नाही. म्हणून जरा उचललं."

"मग पाणी जाणार कुठे?"

"वाळेल की हळूहळू!"

समोर उभं राहून माती काढायला लावली, विटांचे तुकडे आणि चुना ठोकून भरून घेतला, मोरीचं तोंड खाली बसवलं. चुना धरेपर्यंत लेकीची आंघोळ परसात, पडद्याआड.

जाताना हा शहाणा हळूच म्हणतो, "शेट, कुठे बोलू नका. शहाडला न्हाणीचं काम लागलंय. त्यांचीही लेक बाळंतपणाला यायचीय."

म्हणूनच आजच्या आज लिहितोय. शहाडकर, कुणाच्या घरी चाललंय हे काम? तांब्याभर पाणी ओतून बघा, जातं की वाळतं?